कुर्बानीच्या बोकडाखाली काय पसरायचं?

बकरी ईदच्या आठ-पंधरा दिवस आधीपासून आपल्या गल्लीबोळांत बोकड बांधलेले दिसतात. पूर्वी अंगण होतं, माती होती. मूत तिथंच जिरायचं. आता खाली फरशी आणि वर फ्लॅट. त्यात 2024 ची ईद 17 जूनला, 2025 ची 7 जूनला आली, म्हणजे कोल्हापुरात ऐन पावसाच्या तोंडावर. जिन्याखालचा वास वरच्या मजल्यापर्यंत जातो आणि शेजारी कुरबुरतात. त्यांचंही काही चुकत नाही.

मुतातल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात. ओल आणि ऊब असली की हे काम झपाट्यानं होतं. मग आपले डोळे चुरचुरतात, बोकड खोकतो, त्याचे खूर मऊ पडून सडायला लागतात. म्हणजे आधी ओल शोषायला हवी. आपण मात्र चुना नाहीतर टीसीएल पावडर फेकून मोकळे होतो. चुन्यानं अमोनिया उलट जास्त सुटतो. चुलीतल्या राखेचंही तेच. टीसीएल तर ताज्या मुतावर कधीच टाकू नये, त्यातून घशाला आणि छातीला झोंबणारा वायू निघतो. बंद जिन्यात, लहान मुलं आसपास असताना हा खेळ नको.

शोषायला सगळ्यात सोपा लाकडाचा भुसा. टिंबर मार्केटकडं सॉ मिल आहेतच. फक्त तो कोरडा आणि जाडसर बघून घ्यावा. बारीक धुरळा नाकाडोळ्यांत जातो, आणि प्लायवूडच्या भुशात डिंक-रसायनं असतात. भातगिरणीतलं तूस कमी शोषतं, पण दबत नाही, हवा खेळती ठेवतं. त्यामुळं खाली तूस आणि वर भुसा, असा दोन-तीन इंचांचा थर आम्हाला बरा वाटतो. गुऱ्हाळावरची चिपाडं पाणी छान पितात, पण त्यात गोडवा उरलेला असतो, मुंग्या लागतात. बुरशी आलेली चिपाडं तर घरात आणूच नयेत, तिची धूळ फुप्फुसाला वाईट.

सकाळ-संध्याकाळ ओला भाग तेवढा काढून कोरडा टाकला की झालं. नमाजाच्या कपड्यांवर शिंतोडे उडायची धास्तीही कमी होते.

मांजरवाल्यांचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत 1947 मध्ये एडवर्ड लो यांनी मांजरासाठी जी माती विकायला काढली, ती म्हणजे आपल्या मुलतानी मातीचीच जात. आता दुकानात मिळते ती बहुतेक बेंटोनाइट. ओल लागली की फुगून तिचा गोळा होतो. म्हणूनच ती संडासात ओतू नका, पाइप तुंबतो. मांजराची विष्ठा रोज काढावी, कारण त्यातले टॉक्सोप्लाझ्माचे जंतू बाधायला साधारण एक ते पाच दिवस लागतात. गरोदर बाईनं हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

बोकडाखालचा भुसा-लेंड्या शेतकरी आनंदानं नेतात, पण भुसा नीट कुजल्याशिवाय पिकाला घालू नये. तो मातीतलं नत्र ओढून घेतो. मांजराचं मात्र भाजीच्या वाफ्यात अजिबात नको.