पगार वाढला, झोप का उडाली?

पगार वाढला की घरात आनंद व्हायला पाहिजे. पण एकट्या आईच्या घरात कधी कधी उलटंच होतं.

पवनारच्या वस्तीतली एखादी ताई डोळ्यांसमोर आणा. नवरा वारला. शाळेत जाणारं एक लेकरू आहे. ताई रोज वर्ध्याला एका दवाखान्यात ठेकेदाराकडे सफाईचं काम करते. महिन्याला सहा हजार मिळत होते. लेकराच्या नावाने मिशन वात्सल्य योजनेचं प्रायोजकत्व मंजूर झालं आणि महिन्याला 4000 रुपये बँकेत यायला लागले. वह्या, दूध, शिकवणी यांची सोय झाली. मग ठेकेदाराने पगार नऊ हजार केला. पहिल्याच रात्री तिच्या मनात आलं, "हे पैसे आता परत भराव लागन काय?"

हा प्रश्न ती कोणाला विचारत नाही. विचारलं तर पैसे बंद होतील ही भीती, आणि नाही विचारलं तर चोरी केल्यासारखं वाटतं. मग रात्री डोळा लागत नाही. असा प्रश्न मनात दाबून ठेवणाऱ्या आयाबहिणी आपल्या वस्त्यांमध्ये आहेत, म्हणून आरोग्याच्या पानावर आज हिशेबाची गोष्ट.

नियम काय आहे?

मिशन वात्सल्यमध्ये विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्याने सोडलेल्या आईच्या मुलाला 18 वर्षांपर्यंत प्रायोजकत्व मिळू शकतं. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 रुपये आणि शहरात 96,000 रुपये आहे. 72,000 म्हणजे महिन्याला बरोबर सहा हजार. नऊ हजार पगार म्हणजे वर्षाला 1,08,000. आपल्या ताईचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं.

आता घरचा हिशेब मांडा. पगार तीन हजारांनी वाढला, पण चार हजारांची मदत थांबणार. म्हणजे पगारवाढीनंतर ताईच्या हातात महिन्याला एक हजार कमीच येणार. तिची काळजी खोटी नाही. खोट तिच्या नियतीत नाही, मर्यादेच्या रेषेत आहे.

राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना वेगळी आहे. तिच्यात मुलाला महिन्याला 2250 रुपये मिळतात. एका मुलासाठी एका वेळी दोन्हींपैकी एकाच योजनेचा लाभ घेता येतो. म्हणून प्रायोजकत्व थांबणार असेल तर "माझ्या मुलाचं नाव बाल संगोपनमध्ये घेता येईल का?" हे त्याच वेळी विचारायचं.

न सांगितल्याने काय होतं?

कळवलं नाही तर जास्तीचे पैसे दर महिन्याला साचत जातात. एका महिन्याचे चार हजार, वर्षाचे 48,000. काळजीही तशीच वाढते. पगारवाढीच्या पहिल्या महिन्यात सोपं असलेलं काम वर्षाने डोंगराएवढं होतं.

लाडकी बहीण योजनेच्या वेळी हीच भीती घराघरांत पसरली होती. छाननी सुरू झाली, अपात्र नावं वगळली गेली. तेव्हा फेब्रुवारी 2025 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी सांगितलं, की या महिलांना जुलै ते डिसेंबर 2024 या काळात मिळालेले पैसे परत घेतले जाणार नाहीत. ते आश्वासन त्या योजनेपुरतं होतं. दुसऱ्या योजनेला ते लावता येत नाही. म्हणून आपला कागद आपणच पक्का करायचा.

काय करायचं?

1. उत्पन्न बदललं की वर्ध्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला साध्या कागदावर लेखी कळवा. पगार किती होता, आता किती आहे, कोणत्या महिन्यापासून, एवढंच लिहा. अर्ज लिहिता येत नसेल तर अंगणवाडी सेविकेची किंवा वस्तीतल्या शिकलेल्या मुलीची मदत घ्या.
2. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. ही पोच जपून ठेवा. आपण लपवलं नाही, याचा तो पुरावा आहे.
3. कळवल्यानंतरही पैसे जमा होत राहिले तर जमेल तेवढे खात्यातच ठेवा आणि पासबुक दर महिन्याला भरून घ्या.
4. पैसे परत मागितले तर लेखी नोटीस मागा. कोणत्या महिन्याचे, किती आणि का, हे त्यात असायला पाहिजे. आपलं म्हणणं मांडायची संधी मागा. एकदम भरणं जमत नसेल तर हप्ते पाडून द्यावेत असा अर्ज करा.
5. "मी मिटवून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात एक रुपयाही रोख देऊ नका. ओटीपी कोणालाही सांगू नका.
6. अडलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे वकिलाची मदत मोफत मिळते, त्याला उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

शरीर काय सांगतं?

दाबलेली काळजी अंगावर निघते. झोप लागत नाही, लागली तर पहाटे तीनला उघडते. डोकं जड होतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. लेकरावर विनाकारण हात उचलला जातो. कोणी खर्रा किंवा तंबाखूची पुडी जवळ करते, "तेवढंच बरं वाटते" म्हणून. त्याने काळजी जात नाही, तोंडाचा आजार मात्र घरात येतो.

असं दोन आठवडे चाललं तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब तपासून घ्या आणि झोपेचं स्पष्ट सांगा. टेली मानस 14416 या सरकारी नंबरवर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल तर एक रात्रही थांबू नका. शेजारच्या ताईला उठवा, फोन करा.

शेवटी लाजेबद्दल. सरकारी मदत घेते म्हणजे भीक घेते, असं काही जणींना वाटतं. 28 जुलै 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि त्या खर्चाचा भार सरकारने उचलला पाहिजे. आईला मिळणारी मदत उपकार नाही, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. हक्काचं घ्यायचं, जास्तीचं आलं तर स्वतःहून सांगायचं आणि पोच घेऊन घरी यायचं.

या आठवड्यात कामावरून एक दुपार सुटी काढा आणि तो अर्ज देऊन या. त्या रात्री झोप लागते का ते बघा.

जयभीम.