कॅम निवडण्याआधी रस्ता आठवू

मंडळी, साध्य आधी की साधन? हा प्रश्न आज आपण गॅरेजात नेऊ.

आपल्या महाड-पोलादपुरात जुन्या ३४६ सीसी बुलेटचा कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर बदलून झाला, की विचारणा होते: आता कॅम कोणता टाकायचा? या इंजिनात दोन कॅम. एक इनलेटचा, एक एक्झॉस्टचा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदा फिरतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती आणि किती वेळ, हे तो ठरवतो. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला, तर वरच्या आरपीएमला ताकद वाढते, पण खालची जाते. का? इंजिन सावकाश फिरताना उशिरा मिटणाऱ्या इनलेटमधून आत आलेलं मिश्रण परत मागे ढकललं जातं.

आता आंबेनळी घाट डोळ्यांसमोर आणू. अवघड वळण, पुढे एसटी, मागे घरचं माणूस. तिथे इंजिनाने दम सोडला, तर वरची ताकद काय कामाची? म्हणून आपल्याला सौम्य कॅमच बरा. बसवताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि पिस्टनपासूनचं अंतर मात्र तपासायचंच.

'चांगला कॅम कोणता' हा प्रश्न अर्धाच आहे. 'कशासाठी चांगला' हे विचारलं, की तो पुरा होतो.