जुन्नर ते रोम : अंतर किती, वेळ किती?

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून रोमच्या यात्रेस अथवा युरोपात स्थायिक झालेल्या मुलांकडे निघालेल्या ज्येष्ठांना पहिली चिंता असते ती प्रवासाच्या वेळेची. तिकिटावरील वेळा पाहून ती मिटण्याऐवजी पुष्कळदा वाढते. म्हणून हे गणित आम्ही येथे उलगडून मांडत आहोत.

पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळच्या मार्गाने मोजल्यास जुन्नर ते रोम हे अंतर सुमारे ६,२५० किलोमीटर भरते. हा प्रवास आपल्या भागास नवा नाही. सातवाहन काळात जुन्नरचा माल नाणेघाटाने उतरून कल्याण व सोपारा या बंदरांकडे जात असे. तेथून गलबते इजिप्तचा किनारा गाठीत आणि पुढे उंटांचे तांडे, नाईल नदी व भूमध्य समुद्र असा मार्ग होता. तांबड्या समुद्राच्या मुखापासून केरळचा किनारा गाठण्यास ४० दिवस लागतात, अशी नोंद पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने केली आहे. येताना नैर्ऋत्य मोसमी वारा आणि परतताना हिवाळ्यातील ईशान्य वारा लागत असल्याने वारा फिरेपर्यंत थांबणे भाग पडे. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्यांची नावे आढळतात, ती याच दळणवळणाची साक्ष होत.

आज ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान मुंबईहून रोमला थेट गेल्यास साधारण आठ ते नऊ तास घेते. उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे जाताना वेळ अधिक लागतो, येताना कमी. युद्धामुळे एखाद्या देशाचे आकाश बंद झाल्यास वळसा पडतो. आखाती शहरात विमान बदलायचे असल्यास तेथील थांबाही हिशेबात धरावा लागतो.

खरा गोंधळ होतो तो घड्याळाचा. रोमचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून रात्री २ वाजता निघाले आणि नऊ तासांनी रोमला पोहोचले, तर तिकिटावर सकाळचे ६.३० दिसतील. पाहणाऱ्यास प्रवास साडेचार तासांचाच वाटेल. मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी येथे विशेष जपावे. दोन मात्रांमधील अंतर प्रत्यक्ष उलटलेल्या तासांवर मोजावे आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावे. औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत.

शिवाय प्रवास विमानात सुरू होत नाही. जुन्नरहून माळशेज घाटाने अथवा मंचरहून पुण्यामार्गे मुंबईचा विमानतळ गाठण्यास चार-पाच तास सहज लागतात. पावसाळ्यात घाटात दरड कोसळल्यास त्याहून अधिक. विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे लागते. उतरल्यावर पारपत्राची तपासणी व सामान यांत एक-दोन तास जातात. अशा रीतीने उंबरठा ओलांडल्यापासून एकूण वेळ अठरा तासांच्या आसपास होतो. प्रत्यक्ष उड्डाण त्याच्या निम्मेच.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना निरोप देताना विमानाच्या वेळेबरोबरच हे पूर्ण तास एका कागदावर लिहून द्यावेत, आणि तीच प्रत त्यांना घ्यायला येणाऱ्यांकडेही पाठवावी, अशी आमची विनंती आहे.