यंत्राची परीक्षा

सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावे आणि सायंकाळी हाती आलेल्या आकड्यावरून घरातील चहाची साखर ठरवावी, हे आता पुष्कळ कुटुंबांच्या अंगवळणी पडले आहे. हा आकडा डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आला व फेरतपासणीतही तसाच राहिला, म्हणजे मधुमेह समजतात. आकडा सांगते यंत्र. त्या यंत्राची परीक्षा कशी होते, हे आपण कधी विचारले आहे काय?

रक्तद्रवात रसायन मिसळले की गुलाबी रंग येतो. साखर जितकी जास्त, तितका रंग गडद. तो किती प्रकाश शोषतो हे यंत्र मोजते. पण दिवा जुना होतो, रसायन शिळे होते. यंत्र बंदच पडले तर एक वेळ बरे, सर्वांना कळते. हळूहळू ढळणारे यंत्र मात्र पटण्याजोगे आकडे देतच राहते. तीन टक्के ढळले तरी १२४ चे १२८ होतात, आणि फेरतपासणी त्याच यंत्रावर झाली तर तीच चूक पुन्हा पदरी येते!

यावरील उपाय टेलिफोनच्या कारखान्यातून आला. अमेरिकेतील बेल कंपनीचे वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मालाच्या गुणवत्तेसाठी नियंत्रण-आलेख सुचविला. पुढे महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते भारतातही येऊन गेले. लेव्ही व जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये तोच आलेख रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आणला.

रीत साधी आहे. ज्याचे माप आधीच ठाऊक आहे असा नमुना रोज यंत्राला द्यावयाचा आणि उत्तराचा ठिपका आलेखावर मांडावयाचा. समजा, सरासरी १०० आहे आणि स्वाभाविक चढउतार ९६ ते १०४ आहे. एखादा ठिपका १०७ वर गेला तर काम थांबवितात. परंतु १०१, १०३, १०२ असे लागोपाठ दहा ठिपके मर्यादेत असूनही मधल्या रेषेच्या वरच पडले तर? नाणे दहा वेळा उडवून दहाही वेळा छापाच पडावा, तसे ते आहे. यंत्र ढळले आहे.

ठिपका बाहेर पडला की तोच नमुना पुनःपुन्हा तपासून मनाजोगता आकडा तेवढा नोंदविणारेही आढळतात. देवाने होकार देईपर्यंत कौल लावीत बसावे, त्यातला हा प्रकार!

आलेखाने यंत्राची स्थिरता कळते. ते इतरांच्या तुलनेत कोठे आहे, हे कळण्यास बाहेरचा परीक्षक लागतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयामार्फत देशभरच्या प्रयोगशाळांकडे त्यासाठी नमुने जातात. आपली प्रयोगशाळा अशा एखाद्या योजनेत आहे किंवा नाही, हे रक्त देतानाच विचारता येते.