जालन्याच्या उन्हात पर्शियन मांजर

मराठवाड्यातल्या शहरांत पर्शियन मांजर पाळण्याची हौस वाढली आहे आणि जालनाही त्याला अपवाद नाही. हौसेबरोबर ऐकीव सल्लेही घरात येतात. एक जण सांगतो, "हे इराणचं मांजर, तिकडे वाळवंटच आहे. आपलं ऊन त्याला काय करणार?" दुसरा सांगतो, "एसी नसेल तर घेऊच नका." दोघांचंही चुकतं.

इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाले याने १६२० च्या सुमारास इराणमधल्या खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचं वर्णन केलं. पण आजचं पर्शियन घडलं ते युरोपात, एकोणिसाव्या शतकापासून. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि तिथून जातिवंत मांजरांची हौस पसरली. २००८ च्या एका जनुकीय अभ्यासातही या जातीचं नातं इराणपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांशी जवळचं निघालं. म्हणजे थंड हवेत, माणसाच्या आवडीने जोपासलेली ही केसाळ जात आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की तिचे हाल होतात. तिला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजाच्या गादीला. एरवी अंग चाटून, ती ओल वाळेल तेवढाच गारवा तिला मिळतो.

तरी एसी हवाच असं नाही. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे खिडकी उघडी ठेवून लावलेला साधा कूलर चांगलं काम देतो. दुपारी वीज गेली तर मांजराला पत्र्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत ठेवू नका. खालच्या मजल्यावरच्या शहाबादी फरशीवर मोकळं सोडा. मातीच्या परळात पाणी भरून घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा. मांजर मुळात पाणी कमी पितं, त्यात उन्हाळा. बोका सारखा लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. लघवी तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जातो.

उन्हाळा लागला की केस भादरण्याची घाई होते. तीही नको. उघडी पडलेली कातडी, विशेषतः पांढऱ्या मांजराची, उन्हाने भाजते. खरा उपाय रोज विंचरण्याचा. कानामागे, काखेत आणि पोटाखाली बोटं घालून पाहा, गुंता तिथेच सुरू होतो. आठवडाभर दुर्लक्ष झालं की त्याची जट बनते, प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते आणि खालची त्वचा लाल होते. स्टीलचा विरळ दातांचा कंगवा घ्या, केस मुळाशी चिमटीत धरा आणि टोकाकडून सोडवत मुळाकडे या. जट कात्रीने कापायला जाऊ नका. तिथली कातडी फार पातळ असते, कात्रीत सापडते. ते काम डॉक्टरांकडून करून घ्या. रोजच्या आंघोळीचीही गरज नाही.

विक्रीच्या बाजारात "पंच फेस", म्हणजे दबलेल्या नाकाचं चपटं तोंड, अस्सल आणि "डॉल फेस", म्हणजे नेहमीसारखं नाक असलेलं तोंड, दुय्यम, असं समीकरण आहे. मला हे मान्य नाही. नाक जितकं आत दबलेलं तितका श्वास अडतो, डोळ्यांतून सतत पाणी येतं आणि उष्माघाताचा धोका वाढतो. जुन्या पर्शियनचं नाक इतकं दबलेलं नव्हतंच. याच जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याचं जनुक २००४ मध्ये सापडलं, त्यामुळे चाचणी करता येते. पिल्लू घेताना रंगाआधी आई-बापाच्या चाचणीची चौकशी करा.

दूध-पोळीवर मांजर वाढतं हा तर घराघरातला समज. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही, हगवण लागते. मांसातून मिळणारं टॉरिन कमी पडलं तर मांजर आंधळं होऊ शकतं, हृदयही कमकुवत होतं. शाकाहारी घराने हे आधीच स्वीकारावं, नाहीतर मांजर आणू नये.

गरोदर बाईने मांजर घराबाहेर काढण्याचीही गरज नसते. भीती असते ती मांजराच्या विष्ठेतल्या जंतूंची, पण ते संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून मातीचा ट्रे घरातल्या दुसऱ्या कुणी रोज साफ करावा. घरातच राहणाऱ्या मांजरालाही रेबीजची लस द्यावी. आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकू लागलं की ते संकटात आहे असं समजा. साध्या पाण्याने अंग आणि पंजे ओले करा, बर्फ लावू नका, पंख्याखाली धरा आणि लगेच जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. त्या दवाखान्याचा नंबर मांजर घरी आणण्याआधीच लिहून ठेवा.