पित्ताचा फेरा आणि आतड्यातील कारागीर

पित्त हा शब्द आपल्या बोलण्यात पदोपदी येतो. जागरण झाले की पित्त होते, उपास लांबला की पित्त उठते, आणि कोणी उर्मटपणे बोलले की आपले पित्त खवळते. वात, पित्त व कफ या त्रयीमुळे हा शब्द आपल्याकडे वैद्याच्या ओसरीपासून चुलीपर्यंत रुळला. परंतु आमसुलाचे सार पिऊन आपण जे शमवू पाहतो, ते बहुधा जठरातील आम्ल असते. आधुनिक शरीरशास्त्र ज्याला पित्तरस म्हणते तो निराळा. तो यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो, आणि जेवण जठरातून पुढे सरकले की लघ्वांत्रात उतरतो. रंगाने हिरवट-पिवळा आणि चवीला जहर कडू असा हा रस आहे. या रसावर आपल्या आतड्यातील जंतू कोणते संस्कार करतात आणि त्यांच्याशी आपल्या आरोग्याचा काय संबंध आहे, हे आम्हाला या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम हा रस करतो काय ते पाहू. तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघत नाही. तिला राख, रिठा किंवा साबण लागतो. रिठ्याच्या फेसात तेलाचे बारीक बारीक कण होतात व ते पाण्याबरोबर वाहून जातात. कार्तिकात आपल्या साजगावी बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, तेव्हा घरोघरी सुकी मासळी येते आणि तेलावर परतली जाते. ते तेल पोटात गेल्यावर पचवावयाचे तर त्याचेही असेच बारीक कण व्हावे लागतात. हे रिठ्याचे काम पित्तरसातील पित्ताम्ले करतात. यकृत ही आम्ले कोलेस्टेरॉलपासून बनविते. मनुष्याच्या यकृतात मुख्यतः दोन आम्ले होतात: कोलिक आणि किनोडिऑक्सिकोलिक. बाहेर सोडण्यापूर्वी यकृत प्रत्येकाला ग्लायसीन किंवा टॉरीन या पदार्थाचे शेपूट जोडते. शेपटामुळे ते पाण्यात चांगले मिसळते. या आम्लांची रचना शोधण्याच्या कामाबद्दल जर्मनीचे हाइन्रिख वीलांड यांना 1927 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृताची काटकसर पाहण्यासारखी आहे. खोपोलीच्या वीजघरात 1915 पासून घाटमाथ्यावरचे पाणी येऊन पडते, चक्रे फिरवते आणि पाताळगंगेच्या वाटेने खाली निघून जाते. ते पुन्हा घाट चढत नाही. पित्ताम्लांचे तसे नाही. आपले काम उरकल्यावर लघ्वांत्राच्या शेवटच्या भागात त्यांतील सुमारे 95 टक्के आम्ले पुन्हा शोषली जातात, रक्तावाटे यकृतात परततात आणि पुढच्या जेवणाला पुन्हा हजर होतात. शरीरातील एकंदर साठा दोन ते चार ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम चमचाभर. पण रहाटगाडग्याप्रमाणे तो दिवसातून सहा ते दहा वेळा फिरतो, म्हणून एवढ्याशा भांडवलावर सारा व्यवहार चालतो.

उरलेली सुमारे पाच टक्के आम्ले मात्र या रहाटातून निसटून बृहदांत्रात उतरतात. तेथे जंतूंची दाट वस्ती असते. जंतू म्हटला की रोग, असे आपल्या मनाने घेतले आहे, पण आतड्यातील बहुसंख्य जंतू रोग करीत नाहीत. ते कारागीर आहेत. पित्ताम्ल हाती येताच त्यांचे पहिले काम म्हणजे शेपूट तोडणे. दह्याच्या जंतूंचे भाऊबंद असलेले लॅक्टोबॅसिलस, तसेच बिफिडोबॅक्टेरियम, बॅक्टेरॉइड्स इत्यादी अनेक जातींना ही विद्या येते.

दुसरे काम फार थोड्यांना जमते. पित्ताम्लाच्या सांगाड्यात कार्बनाच्या अणूंची चार कडी असतात, आणि सातव्या कार्बनाला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक जोडी चिकटलेली असते. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स आणि त्याच्या मोजक्या नातेवाइकांना ही जोडी एकामागून एक अशा अनेक पायऱ्यांनी उतरवून टाकता येते. मग कोलिक आम्लाचे डिऑक्सिकोलिक होते, आणि किनोडिऑक्सिकोलिकचे लिथोकोलिक. यकृताने केलेली ती प्राथमिक आम्ले, जंतूंनी केलेली ही दुय्यम. तिसरे काम आणखी नाजूक. काही जंतू ती जोडी काढीत नाहीत, नुसती उलट्या बाजूस वळवितात. तेवढ्याने किनोडिऑक्सिकोलिकचे उर्सोडिऑक्सिकोलिक होते.

ही नावे जड वाटली तरी त्यांत एक प्राणिसंग्रहालय दडले आहे. 'किनो' म्हणजे ग्रीकमध्ये हंसासारखा बदक पक्षी, 'उर्सो' म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. ती आम्ले त्या त्या प्राण्याच्या पित्तावरून ओळखली गेली. 'लिथो' म्हणजे दगड. हे आम्ल प्रथम गुरांच्या पित्तखड्यात सापडले, म्हणजे आपले वैद्य ज्याला गोरोचन म्हणतात त्यात. अस्वलाचे उर्सो आज कारखान्यात तयार होते आणि कोलेस्टेरॉलचे काही पित्तखडे विरघळविण्यासाठी व यकृताच्या काही विकारांत डॉक्टर ते गोळीच्या रूपाने देतात.

हे सारे जंतूच करतात कशावरून? स्वीडनमध्ये गुस्टाफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 साली याचा सरळ पुरावा दिला. त्यांनी जंतूंचा वाराही न लागू देता वाढविलेल्या उंदरांना कोलिक आम्ल दिले. त्यांच्या विष्ठेत त्याचे दुय्यम रूप आढळले नाही. ज्या उंदरांच्या आतड्यात जंतू होते त्यांच्यात मात्र ते आढळले.

एवढ्यावर हा विषय संपला असे पुष्कळ वर्षे वाटत होते. परंतु 1999 साली असे दिसून आले की पित्ताम्ले नुसता साबण नव्हेत, ती निरोप्येही आहेत. यकृताच्या व आतड्याच्या पेशींत एक कुलूप असते. त्यात पित्ताम्लाची किल्ली बसली की यकृताला 'आता नवे आम्ल पुरे' असा निरोप पोचतो. जंतूंनी किल्लीचे दाते कमीजास्त कापले की निरोपही बदलतो. 2020 साली तर हेही उघड झाले की जंतू शेपूट तोडतात तसेच नवे जोडतातही, आणि ती शेपटे ग्लायसीन-टॉरीनपेक्षा निराळी असतात.

आता या रसायनाचा आपल्या जिवाशी काय संबंध, ते पाहू. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक घातक जंतू आहे. त्याचे बीज वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकते. यकृताकडून आलेली काही प्राथमिक आम्ले मिळाली की ते बीज रुजते. डिऑक्सिकोलिक आम्ल भरपूर असेल तर रुजलेला जंतूही वाढू शकत नाही. म्हणजे आपला सिंडेन्स कारागीर हा वेशीवरचा जागल्याही आहे. प्रतिजैविकांचा मारा झाला की तो मरतो, प्राथमिक आम्ले तशीच साचतात, आणि डिफिसिलला रान मोकळे मिळते. मग उग्र, कधी प्राणघातक असे जुलाब सुरू होतात. हॉलंडमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा वारंवार उलटणाऱ्या रोग्यांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेतील जंतू सोडण्यात आले. 16 पैकी 13 रोगी पहिल्याच वेळी बरे झाले. ऐकून नाक मुरडावेसे वाटेल, पण शेत ओसाड झाले असता दुसऱ्याच्या शेतातील बियाणे आणून पेरण्यासारखेच ते आहे.

तथापि जागल्याचे शस्त्र अति झाले तर घरच्यांनाही लागते. डिऑक्सिकोलिक व लिथोकोलिक यांचा अतिरेक बृहदांत्राच्या अस्तराला इजा करतो, आणि कर्करोगाशी त्यांचा संबंध असल्याचा सबळ संशय आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील आफ्रिकी वंशाचे लोक आणि दक्षिण आफ्रिकेतील खेडूत यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली. भरपूर चोथ्याच्या व कमी चरबीच्या जेवणावर आलेल्यांची दुय्यम पित्ताम्ले घटली, आणि मांस व चरबीच्या जेवणावर गेलेल्यांची वाढली. अवघ्या दोन आठवड्यांत!

आपल्या माणसांच्या आतड्यातील वस्तीचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. 2012 साली त्यांनी एकत्र कुटुंबातील तीन पिढ्या तपासल्या व वयानुसार ही वस्ती बदलते असे दाखविले. 2016 साली भारतीयांत प्रेव्होटेला व मेगॅस्फेरा हे जंतू विशेष आढळतात असेही पुढे आले. पैकी प्रेव्होटेला हा धान्य व चोथा यांवर पोसलेल्या लोकांत जगभर दिसतो. आपली नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे व पालेभाजी यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोणाला पोसले ते यावरून कळते.

यातून घ्यावयाचे ते दोन शब्दांत सांगता येईल. साध्या सर्दीसाठी औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिली तर ती सांगितल्याप्रमाणे पुरी घ्यावीत. आणि ताटातील भाकरी-उसळ वड्यापावासाठी कायमची सोडू नये. स्थानकावर एखादा वडा खाल्ल्याने कोणाचे बिघडत नाही. बिघडते ते रोजच्या सवयीने. यकृत, पित्त आणि जंतू हे तिघे भागीदार आहेत. त्यांचा धंदा आपल्या पोटात चालतो आणि नफा आपल्याला मिळतो. त्यांतील एका भागीदाराला आपण नकळत हाकलून देऊ नये, इतके पथ्य आपल्याला पाळता येण्यासारखे आहे.