मातीवाचून परसबाग : काडाच्या गाठीवरील पहिल्या बागेसाठी काय घ्यावे, काय टाळावे

वसतिगृहाला भेट देणारे माजी विद्यार्थी आणि पालक स्वयंपाकघरामागे मांडलेली काडाच्या गाठींची रांग पाहून हमखास थबकतात. काडातून टोमॅटो कसा येतो, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असतो. दरवेळी तोंडी दिलेले उत्तर पुरेसे होत नाही. ज्यांना आपल्या अंगणात हा प्रयोग करावयाचा आहे, त्यांना सामान निवडताना आमच्यासारख्या चुका करणे भाग पडू नये, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हे टिपण लिहीत आहोत.

या विषयाकडे आम्ही वळलो तो हौसेपोटी नव्हे. वऱ्हाडातील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर या भागांतील अनेक गावांत विहिरीला पाणी लागते. पण ते खारट असते आणि त्या पाण्यावर भाजीपाला टिकत नाही. जिथे पाणी गोड आहे, तिथेही काळी माती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्याहून मोठी अडचण आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांची आहे. त्यांच्या नावावर सातबाराच नाही. ती माणसे दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन सोंगतात, कापूस वेचतात आणि संध्याकाळी मजुरीच्या पैशातून पावशेर भाजी विकत घेतात. ज्या शेतात त्यांचा घाम गळतो, त्याच शेतातील काड त्यांच्या दारात भाजी पिकवू शकते, हे समजल्यावर आम्हाला हा प्रयोग गांभीर्याने करावासा वाटला.

मूळ कल्पना साधी आहे. काड कुजू लागले की सूक्ष्मजीव त्याचे खत करतात. गाठ बाहेरून घट्ट राहते, तिचा गाभा मात्र मऊ व सुपीक होत जातो. त्या गाभ्यात मुळे वाढतात. गाठ हीच कुंडी आणि गाठ हेच खत. इंग्लंडमधील काचगृहांत रोगट माती टाळण्यासाठी काडाच्या गाठींवर काकडी व टोमॅटो घेण्याची पद्धत पूर्वीच रूढ होती. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील जोएल कार्स्टेन यांनी ती घरगुती बागेसाठी सोपी केली. त्यांच्या लहानपणीच्या शेतावर गोठ्याशेजारी टाकून दिलेल्या, फुटक्या गाठींवर तण जोमाने वाढत असे. तेच निरीक्षण त्यांना उपयोगी पडले. त्यांचे पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही मूळचे अमरावती जिल्ह्यातील बेलोरा गावचे, २०१६ साली पद्मश्रीने सन्मानित झालेले सुभाष पाळेकर काडीकचऱ्याच्या आच्छादनाचे महत्त्व दीर्घकाळ सांगत आले आहेत. तेव्हा हा विचार आपल्याला परका नाही.

काड कोणते निवडावे

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची निवड काडाची. वऱ्हाडात चार प्रकार सहज दिसतात : गव्हाचे काड, सोयाबीनचे कुटार, ज्वारीचा कडबा आणि पूर्व विदर्भातून येणारी धानाची तणस. गव्हाचे काड व तणस पोकळ आणि लांब असल्याने गाठ चांगली बांधली जाते व हंगामभर टिकते. सोयाबीनच्या कुटारात नत्र अधिक असते, ते लवकर कुजते. परंतु थ्रेशरमधून बारीक होऊन आल्यामुळे त्याची गाठ बसत नाही आणि वाफा लवकर खचतो. कडब्याची धांडे जाड असतात, सावकाश कुजतात. शिवाय तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. चाऱ्याच्या टंचाईच्या वर्षी कडबा वा चांगले कुटार बागेत घालणे आम्हाला योग्य वाटत नाही. पावसात भिजल्यामुळे जनावरे ज्याला तोंड लावत नाहीत, असे काड बागेला चालते. ते हाताळताना मात्र नाकातोंडावर रुमाल बांधावा, कारण बुरशीची धूळ छातीला बाधते.

वाळलेले गवत घेऊ नये. गवतात बी असते आणि पंधरा दिवसांत गाठीवर हिरवे रान माजते. काडातही थोडे दाणे राहतात, ते उगवले की उपटून टाकावेत.

रुईची गाठ आपण जिनिंगमध्ये पाहतो. काडाची तशी गाठ ट्रॅक्टरला जोडलेल्या बेलर यंत्रातून मिळते. यंत्र जवळपास नसेल तर तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी बिनबुडाची फळ्यांची पेटी करावी, आत दोन दोऱ्या आडव्या टाकाव्यात, काड थराथराने घालून पायाने तुडवावे आणि दोऱ्या आवळून पेटी वर उचलून घ्यावी. मुलांना हे काम फार आवडते. दोरी नायलॉनची घ्यावी. तागाची सुतळी ओलाव्याने दोन-तीन महिन्यांत कुजते आणि भर फळांच्या दिवसांत गाठ उसवते. बारीक कुटारच हाती असेल, तर ते पोत्यात ठासून भरावे, पोते आडवे ठेवून तोंड शिवावे आणि वरच्या बाजूला रोपांपुरती छिद्रे पाडावीत.

काड घेण्यापूर्वी शेतकऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : या पिकावर कोणते तणनाशक मारले होते? रुंद पानांचे तण मारणाऱ्या औषधाचा अंश काडात उरला असल्यास टोमॅटो व वालाची पाने वाकडी होतात. खात्री करण्याचा उपाय बिनखर्चाचा आहे. एका डब्यात माती व भिजवलेले काड मिसळून आणि दुसऱ्यात नुसती माती घेऊन दोहोंत मूग पेरावा. पंधरा दिवसांत काडाच्या डब्यातील पाने चुरगळलेली दिसली, तर ते काड नाकारावे.

पाणी : वऱ्हाडातील खरी कसोटी

आमचा एक संपूर्ण हंगाम पाण्यामुळे वाया गेला. काड चांगले होते, रोपे चांगली होती. पण पाणी कूपनलिकेचे होते. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या आणि गाठींवर पांढरा थर चढला. पाणी उडून जाते, क्षार मात्र गाठीतच साठत राहतात, हे त्या वेळी आमच्या लक्षात आले नव्हते.

म्हणून सामानाच्या यादीत पहिला खर्च पाण्याच्या तपासणीचा धरावा. अकोल्यातील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असो की अमरावती जिल्ह्यातील घातखेड व दुर्गापूर येथील कृषी विज्ञान केंद्रे, पाण्याचा नमुना कसा घ्यावा व कोठे द्यावा याचे मार्गदर्शन तेथे मागता येते. अहवालात विद्युत वाहकता ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर पाणी निर्धास्त वापरावे, २.२५ च्या वर असेल तर त्या पाण्याचा नाद सोडावा. अशा गावांत नळाचे पाणी किंवा छपरावरून साठवलेले पावसाचे पाणी हाच मार्ग आहे. शंभर चौरस फुटांच्या टिनावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर सुमारे नव्वद लिटर पाणी वाहून जाते. एका पन्हाळीने व एका टाकीने ते अडवता येते.

पंधरा किलोची कोरडी गाठ पूर्ण भिजण्यास तीस ते पंचेचाळीस लिटर पाणी पिते. पुढे हिवाळ्यात रोज थोडे पाणी पुरते. दोन-चार गाठींना झारी पुरेशी आहे. दहा गाठी असतील तर ठिबकची नळी घालावी.

नत्र : जे आम्ही विसरलो होतो

पहिल्या वर्षी आम्ही सहा गाठी भिजवून तिसऱ्याच दिवशी रोपे लावली. आठवड्यात ती पिवळी पडली. कारण असे की गव्हाच्या काडात कर्ब भरपूर, पण नत्र अर्धा टक्क्याच्या आसपास असते. कुजवणाऱ्या जीवाणूंना नत्र लागते. ते बाहेरून मिळाले नाही, तर रोपाच्या वाट्याचे नत्र तेच ओढून घेतात. म्हणून लागवडीपूर्वी गाठ ‘पिकवावी’ लागते.

पंधरा किलोच्या गाठीला एकूण पाव किलोच्या आसपास युरिया लागतो. पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या दिवशी प्रत्येकी ५० ग्रॅम वर पसरून पाण्याने आत मुरवावा. मधल्या दिवशी केवळ पाणी द्यावे. सातव्या, आठव्या व नवव्या दिवशी ३० ते ३५ ग्रॅम द्यावा. दहाव्या दिवशी १०:२६:२६ हे मिश्रखत १०० ग्रॅम द्यावे, म्हणजे स्फुरद व पालाशही मिळते. रासायनिक खत नको असेल, तर सुमारे अडीच किलो निंबोळी पेंड किंवा दोन किलोंपेक्षा थोडी कमी भुईमूग पेंड हप्त्याहप्त्याने मुरवावी आणि अधिक आठवडाभर थांबावे. जीवामृत अवश्य घालावे, पण त्याचे काम विरजणासारखे आहे. ते जीवाणू देते, नत्राची सगळी गरज भागवत नाही.

या दिवसांत गाठ आतून तापते. पन्नास-साठ अंशांपर्यंत उष्णता चढू शकते. लोखंडी सळई आत खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढावी. ती हातात सहज धरवली की लागवड करावी, चटका बसला की थांबावे. आत मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले किंवा वर छत्र्या उगवल्या तर घाबरू नये. गाठ कुजत असल्याची ती खूण आहे. त्या छत्र्या मात्र कोणी खाऊ नयेत, हे मुलांना बजावून सांगावे.

मांडणी आणि बाकीचे सामान

गाठ एकदा भिजली की उचलत नाही. म्हणून जागा आधी ठरवावी. निदान सहा तास ऊन असावे, भिंतीपासून दोन फूट अंतर असावे आणि चूल जवळ नसावी. खाली विटा किंवा फरशीचे तुकडे ठेवावेत, म्हणजे उधई कमी लागते. गाठींखाली उंदीर व विंचू आसरा घेतात, तेव्हा रात्री तेथे हात घालू नये. दोरी बाजूने येईल व काडाची कापलेली टोके वर राहतील अशी गाठ ठेवावी. पाणी सरळ आत उतरते.

रांगेच्या दोन्ही टोकांना पक्के बांबू रोवून तारा ताणाव्यात. आपल्याकडे पऱ्हाट्या फुकट मिळतात म्हणून त्यांचाच आधार देण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. वेलांसाठी तुराट्या बऱ्या.

रोप लावताना बोटांनी काड फाकवून मूठभर गांडूळखत घालावे. मेथी, पालक, सांभार पेरावयाचा असेल तर गाठीवर दोन इंच खत-मातीचा थर द्यावा. त्यासाठी नुसती काळी माती घेऊ नये; अर्धे कुजलेले शेणखत मिसळावे. खारपाणपट्ट्यातील माती तर मुळीच आणू नये.

एका गाठीवर टोमॅटो किंवा वांग्याची दोन रोपे, अथवा मिरचीची चार रोपे पुरेत. पहिल्या वर्षी गाजर-मुळ्याच्या वाटेला जाऊ नये. मका उंच वाढून गाठीसह कलतो.

केव्हा सुरुवात करावी

परदेशी पुस्तके वसंतात सुरुवात करावयास सांगतात. आपल्याकडे त्यानंतर लगेच वैशाख येतो आणि पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. गाठ सकाळ-संध्याकाळ पाणी मागते. पावसाळ्यात दिलेले खत धुपून जाते. म्हणून धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास सुरुवात करणे आम्हाला सर्वांत योग्य वाटते. सोयाबीन नुकतेच निघालेले असते, टाक्यांत पावसाचे पाणी असते आणि पुढे थंडी येते. ऑक्टोबरच्या अखेरीस लावलेला पालक डिसेंबरच्या आत ताटात येतो.

एका कुटुंबाने पहिल्या वर्षी दोनच गाठी कराव्यात. त्यासाठी काड, नायलॉनची दोरी, सहा विटा, दोन बांबू, अर्धा किलो युरिया, पाव किलो मिश्रखत, टोपलीभर कुजलेले खत, एक झारी आणि रोपवाटिकेतील चार-सहा रोपे एवढे सामान पुरेसे आहे. पैसे खर्चावयाचे ते काड व बांबूवर. रंगीत कुंड्या, महागडी द्रव टॉनिके यांवर नव्हे. आणि ज्यांच्याकडे गोड पाणी व चांगली माती आहे, त्यांनी जमिनीतच वाफा करावा. त्यांना या खटाटोपाची गरज नाही. ही पद्धत ज्यांच्याकडे माती नाही त्यांच्यासाठी आहे.

हंगाम संपला की दोऱ्या कापून घ्याव्यात. आतून काळसर, भुसभुशीत खत निघते. ते आम्ही मैदानाच्या कडेच्या भेगाळलेल्या जमिनीत दरवर्षी मिसळत आहोत. तेथील माती आता पूर्वीइतकी कडक होत नाही. पुढच्या तुकडीतील मुले कदाचित तेथेच सरळ वाफे करतील. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना मुले मिरचीची रोपे कागदात गुंडाळून नेतात. यंदा पालकांनी घरी दोन गाठी तयार ठेवल्या, तर त्या रोपांना जागा मिळेल.